तुळशीत घातलेलं खत

दिवाळी अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते की हा लेख संडासाबद्दल आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी चकली संपवून मग वाचावा. संपादकांनी मला ‘निसर्गाच्या शाळेतले दिवस’ असा विषय दिला होता. मी फोन करून विचारलं, तुम्हाला निसर्ग हवाय की शाळा? कारण ते दोन्ही आमचे सर बघायचे. मी रेक्टर होते. माझ्या वाट्याला पोरं, भाकऱ्या, पाणी आणि संडास.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला हे छोटं निवासी महाविद्यालय आहे. बारावीनंतर मुलं-मुली तिथे दोन वर्षं राहून शेती, जंगल, माती, पाणी शिकतात. धुळे-जळगावची पोरं, वरच्या पाड्यांवरची पोरं, कधी एखादं नाशिकचं. त्याआधी मी धुळ्याला मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली. तिथे रेक्टरचं काम म्हणजे फाटकाला कुलूप लावणं आणि पालकांचे फोन घेणं. इथे फाटकच नव्हतं, आणि फोनला रेंज यायची ती फक्त गोठ्यामागे. त्यामुळे म्हशींना आमच्या पोरांच्या सगळ्या भानगडी माहीत होत्या.

दिवस घंटेने सुरू व्हायचा. एक गट गोठ्यात, एक स्वयंपाकात, एक मळ्यात, एक संडासावर. गोबरगॅसवर भाज्या शिजायच्या, भाकऱ्या चुलीवर. वर्ग कडुनिंबाखाली, आणि उन्हाळ्यात तोही नको वाटायचा. अंघोळीचं पाणी थेट केळीच्या अळ्यात जायचं, म्हणून साबण बंद. रिठा, बेसन, डोकं धुवायला काळी माती. बाहेरून येणाऱ्यांना हे सगळं फार गोड वाटायचं, फोटो काढून जायचे. राहायला मात्र कोणी थांबायचं नाही.

साबणावरून आठवलं. जळगावचा जुनैद नावाचा एक मुलगा होता. वडिलांचं गाद्या-उशा शिवायचं दुकान. आल्या आल्या आठवडाभर हा अगदी शहाण्यासारखा वागला. मग एक दिवस केळीच्या अळ्यात पांढरा फेस, आणि केळीला गुलाबाचा वास. मी सगळ्या मुलांना ओळीत उभं करून नुसता वास घेतला. पकडला गेल्यावर म्हणतो, “अक्का, रोज बेसन लावतोय, आता तेलात सोडलं तर भजी होईल माझी.” मला हसू आलं, पण साबण काढून घेतला. पुढे हाच जुनैद रिठ्याचा फेस सगळ्यात चांगला काढायला शिकला आणि इतरांना साबणावरून पकडून द्यायला लागला.

आता मुख्य विषय. आमचे संडास कोरडे होते. खाली दोन कप्पे, एका वेळी एकच वापरायचा. काम झालं की वरून मूठभर राख आणि वाळका पाला टाकायचा, पाण्याने धुवायची जागा वेगळी. एक कप्पा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद कप्प्यातलं सगळं पुढच्या वर्षापर्यंत मुरून काळंभोर, भुरभुरीत होतं. त्याला ना वास, ना माशी. त्याला सोनखत म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याने ते कधी उपसलं नसावं, असं माझं मत आहे.

कारण मला उपसणारे माहीत होते. माझे वडील धुळ्यात नगरपालिकेचे सफाई कामगार. माझ्या लहानपणी शहरात टोपलीचे संडास होते. पहाटे घराच्या मागच्या बोळातून शिरायचं, टोपली उपसून पाटीत ओतायची, पाटी डोक्यावर घ्यायची. पावसाळ्यात ती पाटी गळायची. अधिक सांगत नाही. वडिलांनी आम्हा भावंडांना शिकवलं ते एवढ्यासाठीच, की आमच्यापैकी कोणाच्या हातात ते फावडं येऊ नये.

त्यामुळे मुलाखतीच्या वेळीच मी सरांना सांगितलं, “बाकी काहीही सांगा. संडासाचा वार माझा नाही.” तिथे सगळ्यांचा वार असायचा, सरांचासुद्धा. सर मूळचे पुण्याचे, त्यांच्या हातात फावडं बघवत नसे, पण आपला वार त्यांनी कधी चुकवला नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “मान्य.” एवढंच. मी काम नीट होतंय का ते बघायचे, हातमोजे-बूट मोजून द्यायचे, राखेचं पिंप भरलंय का ते तपासायचे. फावड्याला हात लावला नाही. मुलांना वाटायचं की रेक्टर असतातच तशा.

निकिता दोंडाईचाजवळच्या एका गावातली. घरी कापूस आणि मिरची, परिस्थिती बरी. पहिल्या वाराला ती तोंडाला ओढणी बांधून दारातच उभी राहिली आणि उलटी करून परत गेली. दुसऱ्या वाराला आत गेली. तिसऱ्या वेळी तिने मला येऊन सांगितलं की राख जास्त पडते आहे, पाला कमी, म्हणून खालचं मुरत नाही. मी म्हटलं, मला काय सांगतेस, सरांना सांग. सरांनी तिला गटप्रमुख केलं. काही पोरांना गाणं येतं, काहींना चित्र. हिला हे येत होतं. पावसाळा संपेपर्यंत ती झाकण उघडून नुसत्या नजरेने सांगायची की ओल बरोबर आहे की नाही. घरी फोनवर मात्र ती फक्त ‘खत बनवतो’ एवढंच सांगायची, हे मला नंतर कळलं.

आमच्याकडे एक पद्धत होती. सुट्टीला घरी जाताना प्रत्येकाने इथलं काहीतरी न्यायचं. कोणी रिठे, कोणी गावठी वालाचं बी, कोणी गांडूळखत. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत निकिताने पिशवीभर सोनखत नेलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. घरी तिच्या आईची तुळस वाळत चालली होती. पोरीने ते खत तुळशीत घातलं.

तुळस फुलली. तिची आई रोज पूजेला पानं घ्यायची, नैवेद्यावर ठेवायची. वडील सकाळच्या चहात दोन पानं टाकायचे. तुळशीचं लग्न लागलं, शेजारणी म्हणाल्या की अशी तुळस गावात नाही. मग सुट्टी संपता संपता निकिताला राहवलं नाही. तिने मोठ्या अभिमानाने आईला सांगितलं की ते खत मीच केलंय, आणि ते कशाचं आहे. पुढे तिनेच मला सांगितलं की तिला वाटलं होतं, आई शाबासकी देईल. एवढी हुशार पोरगी, पण वर्षभर आमच्यात राहून तिला वाटायला लागलं होतं की सगळं जग आमच्यासारखंच आहे.

ती परत आली ती एकटी नाही. मागे पिकअपमध्ये आई-वडील. सिंधूताई, म्हणजे तिची आई, गाडीतून उतरली ती थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आली. “चाल निकिता, सामान भर,” एवढंच म्हणाली. मी त्यांना बसवलं, गवती चहा टाकून चहा केला. वडिलांनी कप घेतला. सिंधूताईने हातात घेतलेल्या कपाकडे बघून अहिराणीत विचारलं, “ह्यामा बी ते टाकतस का?”

“नाही ताई, गवती चहाला शेणखत,” मी म्हटलं. मग तिने दोन घोट घेतले.

सर आले आणि कार्बन-नायट्रोजनबद्दल बोलायला लागले. मी डोळ्यांनी खूण केली, ते थांबले. सिंधूताईचं म्हणणं साधं होतं. “आम्ही पोरले आठे हाई कराले धाडं का? तुळशीले टाकं तिनी ते. आनि तीच पानं मी देवले वाही राहिनू. लोकेस्ले कळनं तर हिनं लगन कशं व्हई?”

मी निकिताला समोर बोलावलं. म्हटलं, “संडासाच्या दारावर काय लिहिलंय, आईला सांग.” ती खाली मान घालून म्हणाली, “सोनखत फक्त झाडांना. जमिनीलगतच्या, कच्चं खायच्या कशालाही नाही.”

“तुळशीची पानं आपण शिजवून खातो का?”

ती रडायला लागली. नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. पण तुळस तिच्या डोक्यात खाण्याच्या रकान्यात नव्हतीच, देवाच्या रकान्यात होती. मी सिंधूताईला म्हटलं, “तुमचं बरोबर आहे. हिने चूक केली. देवाचं मला कळत नाही, पण आमच्या नियमानेही चूकच.” तिला हे अपेक्षित नव्हतं.  मला वाटलं, निभावलं.

मग तिने विचारलं, “तुम्ही करतस का हाई काम?”

“नाही.”

तिने नवऱ्याकडे बघितलं. “ऐकं का? आपली पोर करस, ह्या नही करतस. काबं नही करतस, मॅडम?”

मी खोटं बोलू शकले असते. गुडघे दुखतात म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण निकिता समोर उभी होती, आणि मला तिचाही थोडा राग आला होता. मी म्हटलं, “माझ्या वडिलांनी केलं, ताई. धुळ्यात, डोक्यावर पाटी घेऊन. त्यांच्या आधी त्यांच्या आईने केलं. आमच्या घराचं करून झालंय. आता बाकीच्यांनी करायचं.”

कप तिच्या हातात होता. तिने तो खाली ठेवला. आपटला नाही, सावकाश ठेवला, आणि परत उचलला नाही. नवऱ्याने आपला चहा संपवला. निकिताने हे सगळं पाहिलं. मला राग आला. एवढ्या वर्षांत असे कप मी पाहिले नव्हते असं नाही, पण माझ्या स्वतःच्या ओट्यावर, माझ्या हातच्या चहाचा तो पहिला होता. मी तो कप मोरीत नेऊन ओतला. परत येईपर्यंत निकिताची वळकटी गाडीत गेली होती.

ती गेल्यावर गट विस्कळीत झाला. तिचा वार जुनैदने उचलला, स्वतःचा धरून दोन. पालेभाजीच्या काड्या कप्प्यात टाकून त्याने गोंधळही घातला. मी सरांशी आठवडाभर धड बोलले नाही. त्यांचा काही दोष नव्हता. पोरगी गेली याचं मला फार वाईट वाटत होतं, आणि ते कोणावर तरी काढायला हवं होतं.

मग एका दुपारी तीच पिकअप पुन्हा आली. आत निकिता आणि तिचे वडील, आई नाही. पोरगी उतरून दारातच थांबली. वडील फार बोलणारा माणूस नव्हता. “रडी रडी हैराण व्हयनी. जेवत नही,” तो म्हणाला. “तिनी माय तयार व्हयनी, पन एक गोष्ट शे. तिले ते काम नका सांगू. बाकी बठ्ठं करी ती. गोठा करी, सैपाक करी.”

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी मला बाजूला घेतलं. “अक्का, एक मुलगी वाचते आहे. तिला वर्षअखेरपर्यंत सूट देऊ. तुम्हालाही सूट आहेच ना?”

याच प्रश्नाची मला भीती होती. मी म्हटलं, “सर, सूट एकच आहे आणि ती माझी आहे. तिची किंमत माझ्या घराने आधीच मोजलीय. हिला दिलीत तर मी माझी परत करते, उद्यापासून फावडं घेते. पण मग हे वर्ष संपलं की इथे राहायची नाही.” सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला माहीत होतं की मी एका पोरीचं शिक्षण पणाला लावते आहे. तिच्या घरी स्थळं यायला लागली होती. इथून परत गेली असती तर ती पुन्हा कुठे शिकायला बाहेर पडली नसती, हे मला दिसत होतं, आणि तरी माझी जीभ मागे वळेना.

मी तिच्या वडिलांकडे गेले. “भाऊ, तुमची पोरगी नव्हती तेव्हा तिचा वार एका गादीवाल्याच्या मुलाने केला. उद्या त्याच्या घरी कळलं की त्याचे वडील येतील, त्यालाही सूट मागतील. त्यालाही देऊ. मग पाड्यावरची पोरं म्हणतील, आम्हीच का? मग आम्ही एक माणूस ठेवू पगारावर. तो कुठल्या वस्तीतून येईल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मग हे महाविद्यालय कशाला चालवायचं?”

 निकिता पुढे आली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. “पप्पा, मी नही करं तर मनं काम दुसरीले करनं पडी. ती बी कोनीतरी पोरच शे ना.”

“तुनी मायले काय सांगू मंग मी?” तो म्हणाला. प्रश्न खरा होता.

थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, दाखवा. निकिता त्याला घेऊन गेली. मी लांबून बघत होते. त्याने वाकून कप्प्यात पाहिलं, भिंतीवर हात ठोकून पाहिला. तिच्या बुटांकडे बघून विचारलं, “पानी नही ना शिरत ह्यासमा?” तिने बूट काढून त्याचा तळ दाखवला. त्याने तो दाबून बघितला, बैलाच्या नालाकडे बघावं तसा. मग गाडीतून तिची वळकटी काढून त्याने ओट्यावर ठेवली.

जाताना मी विचारलं, तुळशीचं काय झालं? “उपटी टाकी. नदीमा सोडी दिनी,” तो म्हणाला. गाडी सुरू करता करता हळूच पुढे म्हणाला, “पन अशी तुळस आम्हना घर कधी व्हयनी नव्हती.” घरी काय सांगायचं ते माझं मी बघतो, असं म्हणून तो गेला. त्याने काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही.

वर्ष संपताना आमच्याकडे एक दिवस असायचा. जी बॅच बाहेर पडते आहे, तिने आदल्या वर्षी स्वतः भरून बंद केलेला कप्पा स्वतः उघडायचा आणि त्या खताने एकेक झाड लावायचं. पालकांनाही बोलावणं असायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. पालक येऊन जेवायचे आणि कप्प्याची वेळ झाली की जरा लांब जाऊन उभे राहायचे.

सिंधूताई आली. येईल असं मला वाटलं नव्हतं. तिने आपला डबा आणला होता, पाण्याची बाटलीही आणली होती. पंगतीत सगळ्यांबरोबर बसली, पण जेवली डब्यातलं. मी तिला वाढायला गेले नाही. एक अपमान पुरे होता.

कप्पा निकितानेच उघडला. आईने पदर नाकाला लावला होता. झाकण निघालं, फावडं आत गेलं, पाटीत काळी माती पडली. पोरगी काम करता करता ज्युनिअर मुलांना ओरडून काहीतरी सांगत होती, घाम पुसत होती, आणि सगळी पोरं तिचं ऐकत होती. सिंधूताई बघत राहिली. पदर केव्हा खाली आला ते तिलाही कळलं नसावं. शेवटी निकिताने आवळ्याचं रोप लावलं आणि हात धुवायला गेली.

तेव्हा सिंधूताई माझ्याकडे आली. मी ओट्यावर बसले होते, ती दोन हात अंतर ठेवून शेजारी बसली. मी चहाचं विचारलं नाही, तिनेही मागितला नाही. तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण लावलं. मग म्हणाली, “अक्का, तुम्हना बापनं नाव काय व्हतं?”

 ते नाव मी स्वतःच कित्येक वर्षांत मोठ्याने घेतलं नव्हतं. धुळ्याच्या ज्या गल्ल्यांतून त्यांनी आयुष्य काढलं, तिथे त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही. आतून कोणीतरी ओरडायचं, ‘आला रे’, आणि दारं लावून घ्यायचे. नोकरीच्या शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांना नाव विचारणारा फक्त पेन्शनचा कारकून होता.

“सुकलाल,” मी म्हटलं.

सिंधूताईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली बघितलं. मला वाटलं, विचारून चुकले असं तिला झालं असेल.

“मना सासरानं बी तेच नाव,” ती म्हणाली. “माले ते तोंडे लेता येत नही.”